हातभर लांबचा चष्मा

भिंगाचं गणित मी एकतीस वर्षं शिकवलं. वस्तू इथे ठेवली तर प्रतिमा कुठे पडेल, भिंग जाड घेतलं तर काय होईल, पातळ घेतलं तर काय होईल, हे मला झोपेतून उठवून विचारलंत तरी सांगेन. (बायको म्हणते, झोपेत न विचारताही सांगता.) आणि अशा माणसाने येवल्यातल्या एका अख्ख्या गल्लीला चुकीचे चष्मे वाटले. नुसते वाटले नाहीत, त्याबद्दल शाल आणि नारळही घेतला. नारळाची चटणी कधीच झाली. शाल अजून कपाटात आहे. गंगापूर रोडला आमच्याकडे डिसेंबरात चांगली हुडहुडी भरते, पण ती शाल मी अंगावर घेत नाही. का, ते आज सांगून टाकतो.

आधी धंदा समजावून देतो. मी नाशिकच्या एका कॉलेजात पदार्थविज्ञानाचा प्राध्यापक. नोकरीची शेवटची बरीच वर्षं विद्यार्थ्यांच्या सेवा पथकाचं काम माझ्या गळ्यात होतं. पोरापोरींना घेऊन गावांत, वस्त्यांत जायचं आणि तिथल्या लोकांच्या आरोग्यासाठी काहीतरी करायचं. ‘काहीतरी’ हा शब्द जाणूनबुजून वापरलाय. शिबिराचा प्रमुख म्हणजे लग्नातला मुलीचा मामा. धावपळ सगळी त्याची, अधिकार कशाचाच नाही, आणि मांडव पडला की नाव त्याचं. बस ठरवणं, पोह्यांना कांदे किती लागतील याचा अंदाज घेणं, बॅनरवर प्राचार्यांचा फोटो संस्थेच्या अध्यक्षांपेक्षा बोटभरही मोठा होणार नाही हे पाहणं, ही या कामातली खरी कौशल्यं. लोकांचं आरोग्य उरलेल्या वेळात.

माझी सुरुवातच थोर होती. सायखेड्याजवळच्या एका वस्तीवर आम्ही हात धुण्याचं प्रात्यक्षिक ठेवलं होतं. साबण कसा लावायचा, बोटांच्या बेचक्या कशा घासायच्या, नखं कशी, मनगट कसं. मी स्वतः दोन्ही हातांना कोपरापर्यंत फेस करून उभा. पुढच्या रांगेतली एक म्हातारी बराच वेळ टक लावून बघत होती. शेवटी म्हणाली, “मास्तर, धुवायचं कसं ते आमच्या आयनं शिकवलंय. पाणी तेवढं आणा, मंग धुतो.”

त्या वस्तीवर पाणी तीन दिवसांतून एकदा यायचं. हे मला ठाऊक नव्हतं. माझा फेस धुवायला त्याच म्हातारीच्या घरातून तांब्याभर पाणी आणावं लागलं.

पुढे काही वर्षांनी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला तेजस्विनी गांगुर्डे नावाची एक मुलगी आली. पथकात नाव नोंदवायला आली तेव्हा म्हणाली, “सर, तुम्हाला पाणी दिलेली आजी माझी. ती अजून विचारती, ते फेसवाले सर हायेत का?”

“आहेत म्हणावं.”

“सांगितलं मी. म्हणाली, जा मंग तू. लक्ष ठेवायला कुणीतरी पाहिजे.”

अशी ही मुलगी. आता येवला.

पैठणी सगळ्यांना ठाऊक असते, विणणारा माणूस फार कमी जणांनी पाहिलेला असतो. जमिनीत खड्डा, खड्ड्यात पाय सोडून विणणारा बसलेला, समोर माग. रेशमाची तार केसाहून बारीक. पदरावरचा मोर कुठल्या यंत्राने उमटत नाही. एकेका रंगाची छोटी कांडी हातात घेऊन, तारा मोजून मोजून, तो भरावा लागतो. चुकून एक तार जास्त उचलली की मोराच्या मानेला गाठ आल्यासारखी दिसते. चाळिशी उलटली की जवळचं दिसणं कमी होतं, हे तुमचं आमचं सगळ्यांचंच. आपण पेपर लांब धरतो आणि वेळ मारून नेतो. माग लांब धरता येत नाही.

म्हणून आम्ही विणकरांच्या गल्लीत मोफत चष्म्यांचं शिबिर घ्यायचं ठरवलं. कल्पना चांगली होती, ती माझी नव्हती. पोरांनी घरोघर फिरून लोकांना विचारून काढली होती. माझं योगदान पुढे येतं.

आमच्याबरोबर अमोल नावाचा तरुण आला होता. चष्म्याचा नंबर काढण्याचं रीतसर शिक्षण घेतलेला, सालस पोरगा. सकाळी पहिल्या दहा माणसांनंतर तो माझ्याकडे आला. “सर, ही माणसं नेमकं किती अंतरावरून काम करतात, ते एकदा मागावर जाऊन बघू का? तासभर लागेल.”

मी घड्याळ बघितलं. एक वाजता पाहुणे येणार होते, त्यांच्या हस्ते चष्मे वाटायचे होते. रांग मारुतीच्या शेपटासारखी वाढत होती. मी म्हणालो, “अरे, जवळचं म्हणजे जवळचं. पेपर वाचायचं अंतर धर. आणि ज्यांना अक्षरं येत नाहीत, त्यांना वयावरून दे. पंचेचाळिशीला अमुक, पन्नाशीला तमुक. चल, आटप.”

वस्तूचं अंतर विचारायला वेळ नाही, असं एका पदार्थविज्ञानाच्या प्राध्यापकाने म्हटलं. माझ्या वर्गात एखाद्याने असं म्हटलं असतं तर त्याला मी उभं केलं असतं.

एक वाजता सगळ्यांना सारख्याच निळ्या दांडीचे चष्मे मिळाले. मी भाषण केलं. “प्रत्येकाला सारखंच! कुणाला कमी नाही, कुणाला जास्त नाही. यालाच आरोग्यातली समता म्हणतात!” टाळ्या पडल्या. मग पोरांनी मोबाईलवर फॉर्म भरून घेतले. समाधानी की असमाधानी? एकजात सगळे समाधानी. पोहे खाऊन झाल्यावर आणि चष्मा नाकावर असताना, देणारा समोर उभा असताना, दुसरं कोण काय सांगणार? पण हे शहाणपण आत्ताचं. तेव्हा मी तो फॉर्म अहवालाला जोडला, आणि महिन्याभरात शाल आली.

तीन महिन्यांनी कॉलेजला दर्जा देणारी समिती यायची होती. प्राचार्य म्हणाले, “सर, चष्मा लावून विणतानाचे फोटो पाहिजेत. नुसती रांग नको, परिणाम दिसला पाहिजे.” म्हणून मी आणि तेजस्विनी एस.टी.ने पुन्हा येवल्याला गेलो.

गल्लीच्या तोंडाशीच ओट्यावर एक चाचा उर्दू पेपर वाचत बसले होते. नाकावर निळा चष्मा! मला भरून आलं. चाचांनी मान वर केली. “आओ सर, आओ! चश्मा एकदम फर्स्ट क्लास. बारीक से बारीक हर्फ दिसतो!” पुढे शिलाईवाल्याच्या डोळ्यांवर निळा चष्मा, सुईत दोरा ओवत होता. पुढे एक निवृत्त मास्तर, निळा चष्मा, कोडं सोडवत होते. मी फोटोवर फोटो काढत सुटलो.

तेजस्विनी हळूच म्हणाली, “सर, ह्यातलं कुणीच शिबिराला आलं नव्हतं.”

“म्हणजे?”

“म्हणजे विणणाऱ्यांचे चष्मे वाचणाऱ्यांकडं गेलेत.”

मी म्हणालो, चल पुढे, नसीमआपांकडे जाऊ. शिबिराच्या रांगेत त्या पहिल्या होत्या.

नसीमआपा सत्तेचाळीसच्या. सतराव्या वर्षापासून मागावर. गल्लीत कुणालाही विचारा, मोर कुणाचा बघायचा, तर नसीमचा. आम्ही गेलो तेव्हा त्या मागावरच होत्या, आणि चष्मा नव्हता.

“आपा, चष्मा कुठाय?”

“हाय ना सर, जपून ठेवलाय.” त्यांनी कपाटातून डबी आणली. डबी रुमालात गुंडाळलेली, रुमाल पिशवीत.

“अहो, जपायला नाही, वापरायला दिलाय!”

“वापरते ना. लय भारी हाय.”

त्यांनी चष्मा लावला, हातात कांडी घेतली, मी म्हणालो, जरा हसा. त्या हसल्या. फोटो सुरेख आला. मी मोबाईल खिशात टाकला, तर तेजस्विनी तिथेच उकिडवी बसून राहिलेली. तिने पाहिलं होतं ते मी पाहिलं नव्हतं. चष्मा लावल्याबरोबर आपांची मान पुढे गेली होती, इतकी की ओढणी मागाच्या तारांवर टेकली.

“आपा, वाकताय कशाला?”

आपांनी माझ्याकडे पाहिलं आणि नाकावरचा चष्मा सारखा केला.

“सर,” तेजस्विनी म्हणाली, “तुम्ही जरा चहाचं बघता का? चांगल्या ठिकाणाहून आणा. लांब गेलात तरी चालेल.”

मी गेलो. चहा घेऊन परत आलो तेव्हा दाराशीच आपांचा आवाज ऐकला. “चष्मा हुशार हाय गं बेटा. पण त्याला वाटतं, मी पेपर वाचते! अक्षर जवळ आणलं की दिसतं त्याला. माग कुठं जवळ येतो? मान वाकवून विणलं तर दुपारपर्यंत डोकं फुटतं. काढून ठेवला.”

मी आत गेलो. तीनही चहा खाली ठेवले. म्हणालो, “आपा, मग सांगितलं का नाही?”

“कसं सांगायचं, सर? तुम्ही एवढ्या लांबून आले. आमच्याबरोबर खाली बसून पोहे खाल्ले. पाहुण्याच्या तोंडावर कुणी म्हणतं का, तुमची चीज बेकार हाय?”

मग दुसरी गोष्ट कळली, ती जास्त वाईट. रेशीम आणि ऑर्डर ज्याच्याकडून यायची त्या शेठने त्यांच्या मागच्या दोन पदरांत दोष काढले होते. मोराच्या पिसात तारा सुटलेल्या. तो म्हणाला होता, हा चालू पदर बघतो. हाही असा निघाला तर मोर दुसरीकडे, तुम्ही साधे काठ विणा. पदर लागून चार दिवस झाले होते. मोराची मान विणून झाली होती, पिसारा यायचा होता.

“काठ कुणी पण विणतं सर,” आपा म्हणाल्या. “मोर हातातनं गेला तर मग नसीम कोण?”

चष्मा नव्हता म्हणून आधीचे दोन पदर बिघडले, हे खरं. पण चष्मा मिळाला असं समजून शेठने नंतर सबब ऐकणं बंद केलं होतं. ‘आता तर चष्मा पण हाय तुमच्याकडं,’ असं त्याने त्यांना सुनावलं होतं. माझ्या चष्म्याने दिसायला मदत झाली नाहीच, वर त्यांची सबबसुद्धा काढून घेतली.

तेजस्विनीने आपल्या हाताने माप घेतलं. डोळ्यापासून विणतात त्या जागेपर्यंत. कोपर ते मधलं बोट म्हणजे एक हात. वर आणखी चार बोटं. पेपर वाचायचं अंतर दीड वीत. नंबर जितका जास्त, तितकं स्पष्ट दिसण्याचं अंतर जवळ येतं, म्हणून पेपरच्या नंबराने माग धूसर. हे गणित अकरावीचं पोर सोडवतं.

ती माझ्याकडे वळली. चेहरा अगदी गंभीर. “सर, आधी वस्तूचं अंतर लिहायचं ना? न लिहिता उत्तर काढलं तर तुम्ही किती मार्क कापता?”

“अर्धा.”

“माझा एकदा पूर्ण कापला होतात.”

एस.टी.त परत येताना मी बोललो नाही. येवला ते नाशिक मी गप्प बसलो, ही घटना विद्यार्थ्यांत अजून सांगितली जाते.

पुढच्याच रविवारी अमोलला घेऊन गेलो. मी त्याची माफी मागितली, तर तो पोरगाच ओशाळला. या खेपेला बॅनर नाही, पाहुणे नाहीत, अक्षरांचा तक्ता नाही. तेजस्विनीने पुठ्ठ्यावर रेशमाच्या तारा ताणून बांधल्या होत्या. मोरपिशी, निळा, त्याहून गडद निळा, हिरवा, त्याहून किंचित पोपटी. मध्येच एक तार मुद्दाम तोडलेली. पुठ्ठा मागावर विणायच्या जागी ठेवायचा, माणसाने आपल्या रोजच्या जागी बसायचं आणि सांगायचं, तुटलेली कुठे आणि रंग कुठला. वाचता येण्याचा प्रश्नच नाही. इतकी साधी युक्ती, आणि ती सुचायला मला एक शाल आणि तीन महिने लागले. खरं तर मला सुचलीच नाही.

मला सुचलं ते असं, की आपण स्वतः मागावर बसून अनुभव घ्यावा. आपांच्या शेजारच्या मागावर त्यांचे दीर काठाची साडी विणायचे, ते बाहेर गेले होते. मी खड्ड्यात पाय सोडले. आत गेले, बाहेर येईनात. गुडघा लाकडात अडकला, आधारासाठी मी हाताला लागलं ते धरलं, आणि हाताला लागला होता ताणा, म्हणजे मागावर ताणून बसवलेल्या उभ्या तारा. तट तट तट असा आवाज झाला.

“या अल्ला!” आपा ओरडल्या. “सर, डोळे तपासायला आलात का माग मोडायला?”

दोन पोरांनी मला काखेत धरून उपसलं. दीर परत आले आणि तुटलेल्या तारा जोडायला संध्याकाळपर्यंत बसले.  दर पाच मिनिटांनी त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

तिकडे अमोल आपांच्या डोळ्यांपुढे एकेक भिंग धरत होता. हे बघा, हे बघा, आता? एका भिंगाला आपा थांबल्या. पुठ्ठ्याकडे बघून म्हणाल्या, “डावीकडनं चौथी तुटलेली. तिच्या बाजूची मोरपिशी.” पोरांनी टाळ्या वाजवल्या. आपांनी मात्र पुठ्ठा बाजूला सारला आणि खाली मागावर, आपल्या विणलेल्या मोराकडे पाहिलं.

बराच वेळ पाहिलं. मानेवरून बोट फिरवलं.

“हे मी विणलं?”



“चष्मा नव्हता तेच बरं होतं,” त्या म्हणाल्या. मग त्या उठल्या, पाणी प्यायल्या, परत खड्ड्यात पाय सोडून बसल्या आणि मोराची मान उकलायला लागल्या. कितीतरी दिवसांचं काम, तार तार करून. अमोलने तपासणीची चौकट तशीच त्यांच्या नाकावर ठेवली आणि तो चष्मा करून आणायला धावला. संध्याकाळी चष्मा आला. निळ्या दांडीचा नाही. त्यांनी स्वतः तपकिरी निवडला.

पदर उशिरा गेला. शेठने तो बिनबोभाट घेतला, पण पुढचा मोर आधीच दुसऱ्या घरी दिलेला होता. त्यानंतर सात महिने आपांनी काठ विणले. डोळ्यांनी सगळं स्वच्छ दिसत असताना. तासभर वाचवायला मी अमोलला गप्प केलं होतं, त्या तासाची ही किंमत, आणि ती मी भरली नाही.

गल्ली पुरी करायला आम्हाला पुढे आठ रविवार लागले. दर रविवारी पाच-सहा घरं. पोरं मागाशेजारी बसायची, विणणाऱ्यांना विचारायची. कुठे चष्मा लागतच नव्हता, दिवा पाठीमागे होता आणि आपलीच सावली कामावर पडत होती; तो नुसता पुढे घेतला. घरोघर अंतर वेगळं, कुणाचा हात लांब, कुणाचा माग खोल. सगळ्यांना सारखं दिलं की समता झाली, असं मी टाळ्या घेऊन सांगितलं होतं. प्रत्यक्षात मी पेपर वाचणाऱ्या माणसाचं माप घेतलं होतं, म्हणजे माझं, आणि ते अख्ख्या गल्लीला लावलं होतं. मग चष्मे वाचणाऱ्यांकडे गेले यात नवल काय? ते मुळात त्यांचेच होते. (चाचांनी तेवढं बजावलं, “दुसरं शिबिर करा सर, पर पहिलेवाले चश्मे वापस मत मांगो.”)

मी अहवाल बदलून दिला. पहिलं शिबिर का फसलं, कुणामुळे फसलं, सगळं लिहिलं. प्राचार्य हताश झाले. “सर, असं कुणी अहवालात लिहितं का?”

“आमच्या प्रयोगवहीत लिहितात, सर. शेवटी ‘त्रुटी’ असा एक मथळा असतो.”

त्यांनी तो परिच्छेद ठेवला, पण शेवटच्या पानावर आणि इतक्या बारीक अक्षरात की तो वाचायला समितीला निळ्या दांडीचा चष्मा लागला असता.

निवृत्तीनंतर गेल्या वर्षी येवल्याला गेलो. तेजस्विनी आता एका गावात आरोग्याचं काम करते, तीही आली होती. आपांकडे मोर परत आलेला आहे, हे तिने फोनवर सांगितलं होतं, पण मला डोळ्यांनी बघायचा होता. तपकिरी चष्मा लावून आपा मागावर बसलेल्या. मला बघताच दिरांनी आपल्या मागावर चादर टाकली.

पिसारा अर्धा विणून झाला होता. मी खिशातून माझा वाचायचा चष्मा काढला, नाकावर चढवला आणि मोरावर पार वाकलो. मला नुसते निळे-हिरवे धागे दिसले, एकात एक गेलेले. मोर काही दिसेना.

“आपा, यात चूक कुठेच नाही,” मी मोठ्या जाणकारीने म्हणालो.

तेजस्विनी फस्सकन हसली. आपांनी कांडी खाली ठेवली, माझ्या खांद्याला दोन बोटं लावली आणि मला हलकेच ढकललं.

“सरा मागं, सर,” त्या म्हणाल्या. “हातभर.”